कुंपणाचा तळ

कुंपण वरून कितीही हिरवंगार दिसो, शेळी त्याच्याकडे खालून बघते. माणूस उभा राहून कुंपणाची उंची मोजतो. शेळी मान खाली घालून चालते आणि जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत कुठे फट आहे, तेवढंच शोधते. डोकं शिरलं की खांदे शिरतात, खांदे शिरले की बाकीचं अंग मागून येतं आणि त्यामागून सगळा कळप. झाडांचं कुंपण चांगलं की वाईट याचा निकाल त्याच्या तळाच्या हातभर पट्ट्यात लागतो.

अडचण अशी, की तळ उघडा पडणं हा झाडाचा स्वभावच आहे. वाढत्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते खोडातून खाली उतरत जातं आणि पानांच्या बगलेतल्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा जोमात असेतोवर खालचे डोळे निजलेले राहतात. वर पानांची छत्री दाटली की खालच्या फांद्यांना ऊन मिळेनासं होतं, आणि झाड त्या फांद्या आपणहून टाकून देतं. कुंपण म्हणून लावलेली रोपं नुसती सोडून दिली तर आठ-दहा वर्षांत तिथे झाडांची रांग उभी राहते: वर गर्द पाला, खाली नुसते खांब. माणसाला त्यात सावली दिसते, जनावराला दोन-दोन फुटांवर दारं दिसतात.

थोडक्यात, जिवंत कुंपण म्हणजे झाड होण्यापासून वर्षानुवर्षं रोखून धरलेली झाडं. जिथे जिथे माणसांनी जनावरांसाठी अशी कुंपणं केली, तिथे तिथे या तळाच्या प्रश्नाला कुणी ना कुणी उत्तर शोधलं आहे. ही उत्तरं एकमेकांपासून फार वेगळी आहेत. जनावर कुंपणाच्या कोणत्या बाजूला उभं आहे, यावर त्यातलं बरंचसं ठरतं.

महाराष्ट्रात जनावर बाहेर असतं आणि पीक आत. गुरं गुराख्याबरोबर गायरानात, माळावर, डोंगराच्या उतारावर चरतात. कोकणात तर भात कापून झालं की गुरं उनाड सोडण्याची जुनी रीत. मग शेतातला कुळीथ-वाल, परसातला भाजीपाला, नारळ-केळीची कोवळी रोपं वाचवायची तर वई घालावी लागते. मेढी पुरायच्या, त्यांना आडव्या काठ्या बांधायच्या, मधे काटेरी फांद्या खोवायच्या, माणसांच्या ये-जा करण्यासाठी एक बेडं ठेवायचं, की झाली वई. जिथे जांभा दगड हाताशी, तिथे गडगा. घाटावर बाभळीच्या काट्या आणि बोराट्या. यातूनही एखादं जनावर शेतात शिरलंच, तर ते कोंडवाड्यात जायचं. इंग्रजी अमदानीतल्या १८७१ च्या कायद्याने ही व्यवस्था पक्की केली. दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून मालकाने जनावर सोडवून न्यायचं. शेतात शिरायची चटक लागलेल्या जनावराच्या गळ्यात लाकडाचं लोढणं अडकवायचं. लोढणं, कोंडवाडा आणि वई ही तिन्ही एकाच समजुतीतून आली आहेत: जनावर मोकळं असणार हे धरून चालायचं आणि पीक झाकायचं.

बाहेरच्या जनावराचा कुंपणावर दिवसभर भार नसतो. ते जाता-जाता तोंड घालतं, चव आवडली नाही तर पुढे निघून जातं, कारण पुढे माळ पडलेला असतो. म्हणून इकडच्या कुंपणांत खोडाच्या ताकदीपेक्षा पाल्याच्या चवीचा विचार जास्त झालेला दिसतो. अडुळशाला शेळीसुद्धा तोंड लावत नाही, आणि शेळी ज्याला तोंड लावत नाही त्याला सहसा कुणीच लावत नाही. निर्गुडीचा उग्र वास गुरांना पुरतो. मोगली एरंडाच्या फांद्या नुसत्या पावसाळ्यात रोवल्या तरी जगतात आणि त्याच्या पानाला गुरं हुंगून सोडून देतात. त्याच्या बिया मात्र विषारी आहेत. शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं खातात आणि उलट्या-जुलाबांनी हैराण होतात. अशा घटना महाराष्ट्रात वरचेवर घडतात. शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या कडेला हे झुडूप नसलेलंच बरं.

कोरड्या मुलखात शेर आणि थोर. शेर मूळचा आफ्रिकेतला. त्याला पानं जवळजवळ नसतातच, पेन्सिलीसारख्या हिरव्या कांड्यांचा तो जुडगा. कांडी मोडली की पांढरा चीक वाहतो. हा चीक डोळ्यात गेला तर डोळा सुजतो आणि काही काळ दिसेनासंही होऊ शकतं, म्हणून छाटताना फार जपावं लागतं. एवढ्या जालीम रसाला गुरं आपण होऊनच टाळतात. फांदी तोडून, चीक वाळेपर्यंत दोन-चार दिवस सावलीत ठेवून रोवली की पाण्याशिवाय मूळ धरते. निवडुंगाच्या एका प्रकाराचं नावच मराठीत वई-निवडुंग पडलं, इतकं त्याचं आणि कुंपणाचं नातं जुनं.

काटेरी मंडळींत सागरगोटा आणि चिल्हार यांची तऱ्हा आणखी निराळी. सागरगोट्याची राखाडी, गुळगुळीत बी मराठी मुलींनी पिढ्यान् पिढ्या झेलली आहे, पण ती ज्या झुडपावर येते त्याच्या काट्यांची धार शेतकऱ्यालाच ठाऊक. या दोघांचे काटे मागे वळलेले असतात. आत घुसणाऱ्या अंगाला ते आधी अडकवतात आणि अंग मागे ओढलं की आणखी रुततात. एकदा अडकलेलं जनावर त्या बाजूला पुन्हा फिरकत नाही. ही झुडपं शेजारच्या कशाच्याही अंगावर चढत पसरतात, त्यामुळे नुसत्या चार मेढींवर सोडली तरी त्यांची गच्च भिंत होते.

कडू, चिकाळ, उग्र अशा झाडांच्या यादीत कण्हेरही येते, आणि तिच्याबद्दल थांबून सांगायला हवं. कण्हेरीचं हिरवं पान गुरं सहसा खात नाहीत, म्हणून ती कुंपणाला सुरक्षित वाटते. धोका आहे तो छाटलेल्या फांद्यांत. त्या वाळल्या, चाऱ्यात मिसळल्या आणि पोटात गेल्या, तर थोडीशी पानंही मोठ्या जनावराचं हृदय बंद पाडतात. वाळल्यावर तिचं विष कमी होत नाही. गोठ्याच्या आसपास कण्हेर लावूच नये, हे अगदी ठामपणे म्हणता येईल.

इंग्लंडात गोष्ट उलटी झाली. तिथे जनावर आत, कुंपणाने वेढलेल्या कुरणात, गुराख्याविना, महिनोन् महिने. साधारण १७५० ते १८५० या शंभर वर्षांत संसदेने एकामागून एक कायदे करून गावोगावच्या सामायिक जमिनी वाटून टाकल्या, आणि नव्या हद्दींवर हॉथॉर्न या काटेरी झुडपाची हजारो मैल कुंपणं लागली. ज्या कुटुंबाची एखादी गाय त्या सामायिक कुरणावर जगत होती, त्याच्या हातून जमीन गेली ती याच हिरव्या रेघांनी. आज ती कुंपणं चित्रासारखी सुंदर दिसतात, पण त्यांची सुरुवात अशी आहे.

आतल्या जनावराला जायला दुसरीकडे माळ नसतो. सहाशे किलोचा बैल खाज सुटली की कुंपणावर अंग घासतो, पलीकडचं गवत हिरवं दिसलं की छातीने रेटतो, कंटाळा आला की पाला ओरबाडतो. त्याला चवीने अडवून भागत नाही. इथे कुंपणात बळ हवं, आणि तेही तळाशी. इंग्रज शेतकऱ्याने त्यावर शोधलेली युक्ती वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात शोभावी अशी आहे.

झाडं वाढून पुरुषभर-दीड पुरुष झाली, तळ विरळ होऊ लागला, की हिवाळ्यात पानं गळल्यावर कामाला हात घालतात. हातात बिलहुक, आपल्या कोयत्याचा भाऊबंद. आधी आजूबाजूचा पसारा साफ करून खोडं मोकळी करायची. मग एकेक खोड जमिनीलगत तिरकं कापायचं, पण पूर्ण नाही. सालीची आणि सालीखालच्या ओल्या लाकडाची एक पातळ जीभ शिल्लक ठेवायची. त्या जिभेवर सगळं खोड हलकेच वाकवून शेजारच्या खोडावर कलतं निजवायचं. वरून पाहणाऱ्याला झाड मेल्यासारखं वाटतं. पण पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या नळ्या सालीखालीच असतात, त्या जिभेतून रस चालू राहतो आणि निजवलेलं खोड वसंतात पालवतं. निजवलेल्या खोडांच्या मधून दर हात-सव्वा हातावर खुंट ठोकायचे आणि खुंटांच्या माथ्यांवरून हेझल नावाच्या झुडपाच्या लवचीक फोकांची वेणी घालायची, टोपलीच्या काठाला घालतात तशी.

यात तळाच्या प्रश्नाला दुहेरी उत्तर आहे. आडवी निजलेली खोडं स्वतःच जमिनीलगतची जाळी होतात. शिवाय शेंड्याची हुकमत संपल्यामुळे आणि तळापर्यंत ऊन पोचल्यामुळे कापलेल्या बुंध्यातून डझनभर नवे कोंब सरळ वर येतात, जुन्या निजलेल्या खोडांमधून वाट काढत. दोन-तीन वर्षांत आडवं जुनं आणि उभं नवं लाकूड एकमेकांत असं विणलं जातं की कोकरूही पार होत नाही. पुढे पंधरा-वीस वर्षं नुसती छाटणी पुरते, मग पुन्हा निजवायचं. एकाच कुंपणाला असं दर पिढीला नवं तारुण्य दिलं जातं.

गावागणिक या कामाच्या शैली बदलतात आणि त्या बदलांमागे जनावरच असतं. इंग्लंडच्या मध्य भागात, जिथे बैल पोसले जातात, तिथे झुडपाची काटेरी, पसरट बाजू जनावराकडे ठेवतात आणि खुंट पलीकडच्या अंगाला. म्हणजे बैल रेटायला आला की त्याच्या नाकाला आधी काटे भिडतात. वेल्सच्या मेंढपाळ मुलखात उंचीपेक्षा तळाची घट्ट वीण महत्त्वाची, कारण मेंढी उडी मारण्यापेक्षा खालून घुसते. कुंपण बघून आत कोण चरत होतं ते सांगता यावं, इतका हा फरक स्पष्ट आहे.

ही युक्ती इंग्लंडची एकट्याची नाही. इसवी सनापूर्वी ५७ साली ज्युलियस सीझर आजच्या बेल्जियमच्या भागात नर्वी टोळीशी लढला, तेव्हा कोवळी झाडं कापून वाकवलेली आणि त्यांच्या फांद्यांत काटेरी झुडपं विणलेली कुंपणं त्याच्या सैन्याला आडवी आली. शत्रूचं घोडदळ रोखायला ती नर्वी लोकांनी उभी केली होती. त्यातून आत शिरणं सोडाच, पलीकडचं दिसतही नव्हतं, असं सीझर लिहितो.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात यंत्रांना मोठी शेतं हवी झाली आणि सरकारी अनुदान घेऊन लोकांनी ही कुंपणं उपटली. जी उरली त्यांच्यावर ट्रॅक्टरला जोडलेलं छाटणीयंत्र दर वर्षी एकाच उंचीवरून फिरू लागलं. हे काम झटपट होतं, पण त्याने झुडपाचा आकार भूछत्रासारखा होतो: वर गाठीगाठींचा गुच्छ, खाली मोकळा दांडा. झुडपं निजवण्याची कला जगावी म्हणून १९७८ मध्ये तिथे एक राष्ट्रीय संस्था निघाली, तिच्या स्पर्धा भरतात. १९९७ पासून ग्रामीण भागातलं तीस वर्षांहून जुनं महत्त्वाचं कुंपण परवानगीशिवाय उपटता येत नाही.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याची हकिगत तर कुंपणाच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं वळण आहे. तिथला गवताळ प्रदेश सुपीक, पण लाकूड आणि दगड दोन्ही दुर्मीळ. गुरं आवरायची कशी? जॅक्सनव्हिल गावच्या इलिनॉय कॉलेजात शिकवणारे जोनाथन बाल्डविन टर्नर यांनी एकामागून एक झुडपं लावून पाहिली आणि ते ऑसेज ऑरेंज या झाडापाशी येऊन थांबले. हे झाड मूळ टेक्सास, ओक्लाहोमा, आर्कान्सा या भागातलं. तिथले मूळनिवासी ऑसेज लोक त्याच्या लाकडाची धनुष्यं करत, म्हणून फ्रेंचांनी त्याला नाव दिलं तेही ‘धनुष्याचं लाकूड’ याच अर्थाचं. फांदीफांदीला लांब, दणकट काटे, आणि छाटावं तितकं जास्त फुटणारं. रोपं दाटीने लावायची, जमिनीलगत कापायची, फुटलेले धुमारे वाकवून एकमेकांत गुंतवायचे. चार वर्षांत कुंपण तयार. घोड्याला ओलांडता येऊ नये इतकं उंच, बैलाला मोडता येऊ नये इतकं मजबूत आणि डुकराला शिरता येऊ नये इतकं दाट, अशी त्या कुंपणाची ख्याती तिथल्या लोकांच्या तोंडी बसली. डुकराची अट शेवटी येते, आणि तीच सर्वांत अवघड आहे.

१८७४ मध्ये त्याच इलिनॉय राज्यातल्या डीकॅल्ब गावच्या जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याला काटेरी तारेचं पेटंट मिळालं. दोन तारांना पीळ देऊन मधे धातूचे काटे पक्के बसवायचे, एवढीच करामत. काटेरी झुडपाचं तत्त्व तारेत उतरलं होतं आणि त्याला वाढायला चार वर्षं लागत नव्हती, छाटणी लागत नव्हती, सावली पडत नव्हती. ऑसेज ऑरेंजची कुंपणं मागे पडली. पण त्याचं लाकूड जमिनीत गाडलं तरी कुजत नाही आणि वाळवीला दाद देत नाही. जी कुंपणं तारेमुळे तुटली, त्यांच्याच लाकडाचे खांब तारेला आधार म्हणून उभे राहिले. पुढे १९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी तो मुलूख उजाड होऊ लागला, तेव्हा रूझवेल्ट सरकारने वारा अडवण्यासाठी कोट्यवधी झाडांचे पट्टे लावले. त्यात ऑसेज ऑरेंज पुन्हा आलं.

हे झाड एका बाबतीत नशिबाने सज्जन निघालं. त्याचं मोठं, हिरवं, खडबडीत फळ खाऊन बी लांबवर नेणारं जनावर तिथे जवळपास नाही, म्हणून ते बहुतेक लावलेल्या जागीच राहिलं. फड्या निवडुंगाचं तसं झालं नाही.

फड्या निवडुंग अमेरिका खंडातला. अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीला लाल रंग देणारे किडे भारतात पोसायचे होते आणि ते किडे या निवडुंगावर जगतात. १७९५ मध्ये ब्राझीलमधून किडे आले ते चुकीच्या जातीचे. रंग मिळाला नाही, पण त्यांनी निवडुंगाच्या एका जातीचा फडशा पाडला. दुसऱ्या जाती मात्र राहिल्या, आणि कुंपणाला त्या इतक्या सोयीच्या वाटल्या की दख्खनभर गावाकडेला, मळ्याकडेला त्यांची रांग लागली. तळाचा प्रश्न इथे मुळातच नव्हता. जमिनीला टेकलेला प्रत्येक फडा मूळ धरतो, त्यामुळे निवडुंग तळाशीच सर्वांत दाट. न पाणी, न छाटणी. पण जे झाड आपला तळ स्वतःच भरतं, ते कुंपणाच्या रेषेत थांबत नाही. पाखरांनी लाल बोंडं खाल्ली, बिया विखुरल्या, पुरात फडे वाहत गेले, आणि चराऊ माळच निवडुंगाखाली गेले. १९२६ मध्ये श्रीलंकेतून योग्य जातीचे पांढरे पिठूळ किडे आणून सोडले, तेव्हा कुठे थोड्या वर्षांत ते रान ओसरलं.

घाणेरी १८०९ मध्ये कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आली, कुंपणाला गेली आणि तिथून जंगलात. तिचा पाला गुरांच्या यकृताला मारक असतो. तो खाल्लेल्या जनावराची कातडी उन्हात भाजल्यासारखी सोलवटते. वेडी बाभूळ १८७७ मध्ये आली. तिच्या गोड शेंगा शेळ्या-गुरं आवडीने खातात, बी पोटातून सुखरूप बाहेर पडतं आणि शेणालेंड्यांच्या खतात रुजतं. जे जनावर अडवायचं त्याच्याच पोटातून पेरणी होत असेल, तर ते झाड कुंपणाला लावू नये. फळ कोण खातं, हा प्रश्न काट्याच्या लांबीइतकाच महत्त्वाचा आहे.

काही ठिकाणी तळाचा प्रश्न तारेवर सोपवला आणि झाडाला फक्त खांबाचं काम दिलं. मध्य अमेरिकेत असं पुष्कळ काळ चालत आलं आहे. गिरिपुष्पाच्या मनगटाएवढ्या जाड, पुरुषभर उंच फांद्या पावसाच्या तोंडावर रोवायच्या, त्या फुटल्या की त्यांना तार ठोकायची. या झाडाच्या शास्त्रीय नावातला ‘सेपियम’ हा शब्दच लॅटिनमध्ये ‘कुंपणांचं’ या अर्थाचा. नावाच्या पहिल्या भागाचा अर्थ उंदीर मारणारं, आणि मराठीतही त्याला उंदीरमारी म्हणतात. खांब कुजत नाही, उलट दर वर्षी जाड होतो आणि पाला देतो. गिरिपुष्पाच्या पाल्यात प्रथिनं भरपूर असतात. वासामुळे गुरं आधी नाक मुरडतात, पण तोडून थोडा सुकवून दिला तर खाऊ लागतात. घोड्याला मात्र तो विषारी. महाराष्ट्रात बांधावर गिरिपुष्प लावतात ते मुख्यतः हिरवळीच्या खतासाठी. एक काळजी घ्यावी लागते: खोड वाढताना तार गिळतं. तार थेट खोडात ठोकण्याऐवजी मधे लाकडाची चीप ठेवली तर पुढे करवत चालवताना हात वाचतो.

टांझानियातल्या मसाई लोकांपुढची मांडणी तिसरीच. तिथे दिवसा गुरं मोकळी चरतात आणि रात्री बोमा नावाच्या गोल वाडग्यात बंद होतात. धोका बाहेर: सिंह, तरस, बिबट्या. बोमाला परंपरेने काटेरी फांद्यांचं वाळकं कुंपण असतं. ते कुजतं, वाळवी लागते, दर थोड्या महिन्यांनी नव्या फांद्या तोडाव्या लागतात आणि एखादी रात्र फट राहते. सिंहाने गाय मारली की लोक सिंह मारतात. आफ्रिकन पीपल अँड वाइल्डलाइफ या संस्थेने मसाई गावकऱ्यांबरोबर तिथे ‘जिवंत भिंती’ उभ्या केल्या. स्थानिक कॉमिफोरा झाडाच्या फांद्या ओळीने रोवायच्या आणि त्यांना जाळीची तार जोडायची. फांद्या जगतात, त्यांची उंच, गच्च झाडी होते. तळाला जाळी, वर झाड. अशा बोमांत रात्रीचे हल्ले जवळजवळ थांबले. कॉमिफोरा म्हणजे आपल्या गुग्गुळाच्याच कुळातलं झाड. गुग्गुळही काटेरी, कोरड्या जमिनीत तग धरणारा, आणि त्याचीही फांदी रोवली की जगते.

वाळकं की जिवंत, हा प्रश्न भारतात एकदा अवाढव्य प्रमाणावर उभा राहिला होता. तो गुरांसाठी नव्हता. मिठावरचा कर चुकवून कुणी मीठ नेऊ नये म्हणून इंग्रज सरकारने पंजाबपासून तापीकाठच्या बुऱ्हाणपूरपर्यंत काटेरी कुंपण घातलं होतं. मीठ महाग करून गरिबाच्या ताटातून काढून घेणारी ती व्यवस्था निर्दय होती. पण कुंपण टिकतं कसं, याचा धडा तिच्यात आहे. सुरुवातीला ते वाळक्या काट्यांचं होतं. वाळवी, वणवा आणि वावटळ त्याचा मोठा भाग दर वर्षी संपवत. मग ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम ही कराची हद्द सांभाळणाऱ्या जकात खात्याचे आयुक्त झाले. १८८५ मध्ये मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरवण्यात पुढाकार घेणारे तेच ह्यूम. त्यांनी जागोजागची माती तपासून जिवंत झुडपं लावण्याचा सपाटा लावला. बोर, बाभूळ, करवंद, थोर, निवडुंग, जिथे जे जगेल ते. चांगल्या टापूत ते कुंपण १० ते १४ फूट उंच आणि ६ ते १२ फूट जाड झालं होतं. १८७९ मध्ये ती हद्द मोडीत निघाली, छाटणारे हात गेले, आणि एवढं अजस्र कुंपण काही पिढ्यांत माणसांच्या आठवणीतूनही पुसलं गेलं.

कुंपणच शेत खातं, ही म्हण जिवंत कुंपणाच्या बाबतीत शब्दशः खरी ठरते, आणि शेतकऱ्याचा तो आक्षेप रास्त आहे. तीन-चार फुटांचा पट्टा कुंपणाखाली जातो. शिवाय मुळं आत शिरून पाणी ओढतात, आणि लगतच्या दोन ओळींतलं पीक खुजं राहतं. कुंपणाच्या आतल्या बाजूने दोन फूट खोल चर काढून आडवी मुळं तोडली तर हे बरंच आटोक्यात येतं. एकर-दोन एकराच्या तुकड्यात मात्र हा सौदा परवडत नाही, हे मान्य करायला हवं. जिथे चारा-पाल्याची गरज आहे, वारा झोंबतो, शेजाऱ्याशी बांध कोरण्यावरून दर नांगरटीला वाद होतात, तिथे तो परवडतो. झाडांची ओळ एका रात्रीत सरकवता येत नाही. तारेच्या कुंपणात सरड्यालाही आसरा नसतो. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण रचणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे झाडांचंच कुंपण असणार.

महाराष्ट्रातल्या मध्यम पावसाच्या डोंगराळ भागासाठी एकच झुडूप निवडायचं तर करवंद. मराठीत करवंदीला झाड म्हणण्याआधी जाळी म्हणतात, आणि त्या एका शब्दात तिचा तळ येतो. ती जमिनीपासूनच फुटते, सदाहरित आहे, दुहेरी काटा आहे, आणि पानं मोडली की चीक येतो. फळ विकलं जातं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तर ‘कोकण बोल्ड’ नावाचं मोठ्या फळाचं वाण काढलं आहे. दोष एकच: ती सावकाश वाढते. एखाद्या हातावर एक अशी दोन ओळींत, एका ओळीतलं रोप दुसरीतल्या फटीसमोर येईल अशा बेताने लावली, तरी जाळी मिटायला तीन पावसाळे लागतात. तोवर तिला स्वतःलाच कुंपण लागतं. म्हणून बाहेरून बोराट्यांची वाळकी वई घालायची आणि आत करवंदी वाढू द्यायची. तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत वाळवीने बोराट्यांची माती केलेली असते आणि ती करवंदीच्याच बुडाशी पडते.

सर्वांत अवघड काम दुसऱ्या वर्षी असतं. रोपं गुडघ्याच्या वर आलेली, तजेलदार. त्या वेळी ती वीतभर ठेवून छाटायची. इतक्या मेहनतीने जगवलेलं रोप कापायला हात धजत नाही, आणि बहुतेक कुंपणं याच ठिकाणी फसतात. छाटलं की शेंड्याची हुकमत जाते, बुडातून पाच-सहा फुटवे एकदम येतात. पुढच्या वर्षी तेच थोडं वर, त्यापुढच्या वर्षी आणखी थोडं वर. वरची बाजू अरुंद आणि तळ रुंद राहील अशी छाटणी ठेवली, म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळत राहतं.

एवढं करूनही काही रोपं मरतातच आणि मधे मोकळी जागा राहते. शेतकरी त्याला नांगी पडणं म्हणतो, आणि नांगी भरायला त्याच वयाचं रोप लागतं, नाहीतर शेजारची झुडपं नव्याला दाबून टाकतात. करवंदीचं बी फार दिवस टिकत नाही. मे महिन्यात पिकलेली करवंदं खाल्ली की बिया धुऊन त्याच आठवड्यात मातीच्या पिशव्यांत टाकायच्या. पंचवीस रोपं लागणार असतील तर पन्नास पिशव्या भरायच्या आणि त्या गोठ्यापासून लांब, सावलीला ठेवायच्या.